धुरपदाबाईंची बुडी

कळंब अजून दोन कोस राहिलं होतं आणि धुरपदाबाईंच्या चालण्यात काही फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो शामलाबाईंच्या. उजव्या टाचेला चप्पल लागली होती, चैत्राचं ऊन डोक्यावर आलं होतं. सकाळची एसटी भरून गेली होती, कंडक्टरनं दारातूनच हात हलवला होता, आणि बाजार चुकवायचा नाही म्हणून दोघी पायीच निघाल्या होत्या.

"बाई, बसता का जरा त्या लिंबाखाली?"

"तुम्हाला बसायचंय का?" शामलाबाईंनी विचारलं.

"मला न्हाय. तुमच्यासाठी म्हनलं. आपल्या दोघींला बगून कुनीबी म्हनंल, ही थोरलीच आधी बसनार." आणि धुरपदाबाई हसल्या. हसल्या की त्यांचं सगळं अंग हसायचं.

धुरपदाबाई अंगानं चांगल्याच भरलेल्या. गाडीत चढायला लागल्या की गाडीवान आधी बैलांकडे बघायचा. आज त्यांच्या खांद्यावर सुतळीत ओवलेले तीन सुके भोपळे होते. पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला बांधतात तसले. समोरून येणाऱ्या एका बैलगाडीवाल्यानं विचारलंच, "मावशे, भोपळे इकायला निगालीस व्हय?"

"न्हाय बाबा, तक्रार करायला निगाले," धुरपदाबाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

तक्रार खरीच होती. पण ती समजायला आदल्या वर्षीच्या भादव्यात जायला हवं.

घट बसायच्या आधी घरातले देव घासूनपुसून घ्यायचे, ही सगळ्यांचीच रीत. धुरपदाबाईंच्या घरी भवानीचा आणि खंडोबाचा असे चांदीचे दोन टाक होते, तळहातावर मावतील एवढे, सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेले. ते तांब्याच्या वाटीत घालून धुरपदाबाई शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर गेल्या. शेवटच्या पायरीवर बसून चिंचेनं घासत होत्या. तेवढ्यात वरून कुणीतरी हाक मारली. त्यांनी मान वळवून वर पाहिलं, मांडीवरची वाटी टाकांसकट पाण्यात कलंडली आणि टपकन आवाज झाला. एवढंच.

हाक मारणाऱ्या शामलाबाईच होत्या. गावच्या शाळेत बाई म्हणून नुकत्याच लागलेल्या, तुळजापूरच्या, वडील देवीच्या दारात लोकांची पूजा सांगणारे. झेंडूची फुलं मिळतील का, एवढंच विचारायचं होतं त्यांना.

घरी गेल्यावर धुरपदाबाईंनी सांगितलं, "माझ्या हातातनं निसटले." बस्स. हाकेचं नाव काढलं नाही. शामलाबाईंनी ठरवलं, उद्या आपणच जाऊन सांगायचं. उद्याचा परवा झाला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं तर शामलाबाईंनी शाळेचं काम पुढे केलं. त्या घराचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही.

धुरपदाबाईंचे मालक बलभीमराव तसे शांत. त्यांनी गळ टाकून पाहिला. गळाला घागर लागते, टाक कसा लागेल? दोन पोहणारे गडी उतरवले. धुरपदाबाई पायरीवरून सांगत होत्या, "मधी न्हाय, पायरीच्या डाव्या अंगाला बगा, तितं पान्याखाली कपार हाय." गडी म्हणाले, "बाईमानसाला पान्याखालचं काय कळतंय?" आणि मधला गाळच चाचपून वर आले. उन्हाळा लागताच दोन मोटा लावून विहीर उपसली, तरी झरा असा जिवंत की दीड पुरुष खोल पाणी हलेना.

"नवीन टाक करून आणू धाराशिवहून," बलभीमराव म्हणाले.

पण सासूबाई होत्या ना. कोंडाबाईंची, म्हणजे धुरपदाबाईंच्या आत्याबाईंची, नजर गेली होती. रोज सांजच्याला दिवा लागला की त्या देव्हाऱ्यापुढं बसायच्या आणि देवांवरून एकेक करून बोटं फिरवायच्या. टाकांच्या जागी दोन सुपाऱ्या मांडल्या होत्या. तिथं आलं की बोट थांबायचं. कोंडाबाई सुनेला कधी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं, असं धुरपदाबाईंना वाटायचं. म्हातारीचं वय झालेलं. तिचे डोळे मिटायच्या आत टाक वर यायला हवे होते, तिचं बोट पुन्हा त्यांच्यावर टेकायला हवं होतं. दुसरं कुणी काढत नाही, तर आपणच काढू. वयाची चाळिशी ओलांडल्यावर धुरपदाबाई पाण्यात उतरल्या ते यासाठी.

पहिल्या दिवशी गड्यानं तीन भोपळे बांधले. "एवढ्या देहाला एक भोपळा कुटं पुरतोय?" म्हणून वर एक रॉकेलचा रिकामा डबाही बांधला. धुरपदाबाईंनी पाण्यात पाऊल सोडलं आणि त्या उलट्या झाल्या. तोंड खाली, पाठ वर, भोपळ्यांच्या ताब्यात. लुगड्यात हवा भरून त्याचा हा फुगा झाला. ओढून काढलं तेव्हा आधी त्या खोकल्या आणि मग हसल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "बाई, कळंबला वीरप्पा म्हनून येक पानबुड्या हाय म्हनं. रविवारी येता का माझ्यासंगं? येकलीनं अशा गोष्टी इचारायची लाज वाटती."

शामलाबाई नाही कसं म्हणणार होत्या?

वीरप्पा बाजाराच्या कडेला आपल्या घरापुढं गळ दुरुस्त करत बसला होता. मूळचा नळदुर्गाकडचा, साऱ्या जिल्ह्याच्या विहिरींतली भांडी काढण्यात उमर गेलेली. कानांतून पू यायला लागल्यापासून त्यानं बुडी मारणं सोडलं होतं. त्यानं भोपळे बघितले, धुरपदाबाईंना बघितलं, सगळी हकीकत ऐकून घेतली.

"कुनी बांधले हे?"

"आमच्या गड्यानं."

"आनि डबाबी?"

"डबाबी."

वीरप्पानं कपाळाला हात लावला. "अक्का, भोपळा लागतो हडकुळ्या मानसाला. तुमी लोनी ताकात टाकून बघितलं का कधी? वर येतं का खाली जातं?"

"वर येतंय की."

"मग? तुमाला देवानंच भोपळे देऊन पाठवलंय. तुमी बुडत न्हाय, हीच तुमची अडचन. तुमाला दगड पायजे."

धुरपदाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. आयुष्यभर त्यांना ज्यानं त्यानं सांगितलं होतं, तू जड आहेस. झोपाळा तुटेल, फांदी मोडेल, खाटेवर कडेला बसू नको. पाण्यात आपण हलक्या आहोत, हे पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

"बगा बाई," त्या शामलाबाईंना हळूच म्हणाल्या, "आमच्या मालकास्नी हे सांगायलाच पायजे."

वीरप्पा मग पुढचं सांगत गेला आणि शामलाबाईंनी सगळं मनात नीट ठेवलं. लुगडं नको, अंगाबरोबर बसणारा कपडा हवा. काथ्याचा दोर नको, कातडं सोलतो, सुताचा घ्या. तो कमरेला बांधायचा नाही. "तुमच्या अंगावर कमरेचा दोर राहत न्हाय, सरकून गळ्याशी येतो. काखेखालून, छातीवरून घ्या. दगडाला वेगळा दोर. दगड हातात धरून खाली जायचं, सोडून वर यायचं. दगड अंगाला बांधायचा न्हाय, कुनी कितीबी शाना सांगू दे. आनि कान दुखला की वर. माझ्यासारकं करू नका." दगड केवढा, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. "ते तुमी आनि पानी ठरवा. लहान असला तर मधीच लटकाल, मोठा असला तर हात उपटंल."

तिथून दोघी शिंप्याकडे गेल्या. मांजरपाटाच्या जाड कापडाची लांब बाह्यांची चोळी आणि गुडघ्याशी नाडी असलेला चोळणा. शिंप्यानं टेप लावली, टेप पुरेना. त्यानं टेपेच्या टोकाला सुतळी जोडली.

"मावशी, वरातीच्या घोड्याची झूल शिवायची का?"

"घोड्याचीच शीव," धुरपदाबाई म्हणाल्या. "पन शिवण दुहेरी घाल. घोडं पान्यात उतरनार हाय. मधी उसवलं तर तुज्याच दुकानात येऊन उभं राहील, तसंच."

शिंप्याची मान जी खाली गेली ती माप संपेपर्यंत वर आली नाही.

वैशाख लागला, शाळेला सुट्टी पडली. दुपारी माणसं जेवून आडवी झाली की दोघी विहिरीवर जायच्या. बलभीमराव वर, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याशी पाठ करून बसायचे, कुणी येऊ नये म्हणून. वीरप्पाचं खरं निघालं. भोपळ्यांशिवाय धुरपदाबाई पाण्यावर अशा पडून राहिल्या, जशा घरच्या गादीवर. आठ दिवसांत हातपाय मारायलाही लागल्या. खाली जाणं मात्र जमेना. पाणी त्यांना आत घेईचना.

मग दगडांची निवड सुरू झाली. आधी घरचा वरवंटा. तो घेऊन त्या गेल्या आणि हातभर खाली जाऊन तिथंच लटकल्या, ना खाली ना वर. मग बांधावरचा एक दगड. त्यानं असा हिसका दिला की खांद्यात लचक भरली आणि तीन दिवस शेक घ्यावा लागला. चौथ्या दिवशी कोंडाबाईच ओट्यावरून म्हणाल्या, "धुरपदे, मागल्या दारी माजं जुनं जातं पडलंय. त्याची वरची तळी झिजून हलकी झालीया. आनि मधी भोक हाय, दोर ओवायला."

धुरपदाबाई जागच्या जागी थांबल्या. विहिरीवर काय चाललंय ते म्हातारीला कुणी सांगितलं नव्हतं.

ती तळी बरोबर निघाली. चाळीस वर्षं त्या घरची ज्वारी दळून झिजलेली, आता नेमकी धुरपदाबाईंपुरती.

पुढच्या मंगळवारी धुरपदाबाई पायरीवर उभ्या राहिल्या. मांजरपाटाचा कपडा अंगाबरोबर बसला होता. तळीचा दोर बलभीमरावांकडे होता. ते खाली येऊन, पायऱ्यांवर तोंड फिरवून उभे होते. छातीवरून घेतलेल्या दोराचं टोक धुरपदाबाईंनी शामलाबाईंच्या हातात दिलं.

"मी? मला पोहता येत नाही, धुरपदाबाई."

"तुमाला कुटं पोहायचंय? दोन हिसके आले की वडायचं."

शामलाबाईंनी दोर हाताला दोन वेढे घेऊन धरला. पाण्यावर बुडबुडे आले आणि दोर तळहातावरून सरसर खाली जाऊ लागला. आकडे मोजायचे ठरलं होतं, पण आकडे काही आठवेनात. त्यांनी आई भवानीचं नाव घ्यायला सुरुवात केली. सतरा वेळा घेऊन झालं तेव्हा हिसके आले.

पहिल्या बुडीत धुरपदाबाईंनी मूठभर गाळ आणि कुणाचीतरी लाकडी फणी आणली. दुसऱ्या बुडीत हात कपारीत गेला, पण आत काहीतरी वळवळलं आणि त्यांनी तो मागं घेतला. "खेकडं असंल," त्या धापा टाकत म्हणाल्या. "त्येचं घर हाय, ते तरी काय करील?"

"बास कर आता," बलभीमराव पाठमोरेच म्हणाले. "उद्या बगू."

"येक डाव. तळी सोडा."

तिसऱ्या वेळी शामलाबाईंचं देवीचं नाव सतरावरून पंचवीसवर गेलं. पंचवीसवरून तीसवर. त्या ओढणारच होत्या, तेवढ्यात दोन हिसके आले. दोर ओढताना त्यांच्या लक्षात आलं, ओझं काही नाहीच. बाई आपसूक वर येत होत्या, जशी दुधावर साय यावी. आधी वर आला तो हात. हातात तांब्याची वाटी, काठोकाठ गाळानं भरलेली.

धुरपदाबाईंनी ती उपडी केली नाही. पायरीवर बसल्या आणि एका बोटानं हळूहळू गाळ धुऊ लागल्या. आधी एक काळा तुकडा निघाला. मग त्याच्याखाली दुसरा. चांदी काळवंडली होती, पण घोड्यावरचा खंडोबा बोटाला लागत होता आणि देवीचे हातही लागत होते. बलभीमराव वळले, वाटीत पाहिलं, डोक्यावरचा पटका काढून काखेत धरला आणि पायऱ्या चढून वर गेले.

शामलाबाईंच्या तळहाताला दोराचे वळ उठले होते. त्या ते चोळत खाली बघत बसल्या. मग म्हणाल्या, "धुरपदाबाई, त्या दिवशी हाक मी—"

"म्हाईत हाय की. मला काय ऐकू आलं न्हाय व्हय?"

"मग तुम्ही घरी सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? बाईनं फुलं मागितली म्हनून देव पडले? वाटी माज्या मांडीवर व्हती." धुरपदाबाईंनी केसांतलं पाणी निपटलं. "आनि मला वाटलं, तुमीच बोलाल कधीतरी. तर तुमी घरी यायचंच सोडलं. टाकांपरास ते मला जास्त लागलं, खरं सांगते."

वर मोटेची चाकं स्तब्ध होती. पाणी पुन्हा निवळत चाललं होतं.

धुरपदाबाईंनी वाटी पदरानं पुसली असती, पण अंगावर पदरच नव्हता. त्यांनी ती मांजरपाटाच्या बाहीला पुसली आणि शामलाबाईंच्या हातात दिली.

"बाई, येक मागनं हाय. सांजच्याला घरी या. पंचामृत म्या करून ठेवते. टाक तुमच्या हातानं मांडा. पन लगी देव्हाऱ्यात ठिवू नका. आधी आत्याबाईंच्या हातात द्या. त्यास्नी चाचपून बगू द्या, त्यांचा जीव भरूस्तवर. मग जागेवर."