त्याच्या आधी माझं बोट
स्पिरिटचा वास आला की जालन्यातल्या आमच्या सळईच्या कारखान्यातली प्रथमोपचाराची खोली आठवते. भट्टीची धग तिथवर यायची आणि टेबलावर लोखंडाची काळी भुकटी बसलेली असायची. कामगारांना स्वतःच एचआयव्हीची तपासणी करता यावी म्हणून किट आल्या होत्या, आणि घाबरणाऱ्यांच्या सोबतीला बसायचं काम मी शिकून घेतलं होतं. त्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर वाटूरचा एक जवान कामगार समोर बसला होता. लग्न ठरलेलं, म्हणून तपासून घ्यायला आलेला. "मला न्हाई जमायचं, भाऊ," तो म्हणाला. "मंग आधी माझं बघ," असं म्हणून मी माझ्याच बोटाला सुई टोचली. मग त्यानंही त्याच्या किटमधली नवी सुई टोचून घेतली. दोघांच्या पट्ट्या शेजारी ठेवून आम्ही कपाशीच्या गप्पा मारत थांबलो. त्याच्या पट्टीवर एकच रेघ आली, म्हणजे लागण नाही; तो निर्धास्त झाला. माझ्या पट्टीवर दोन आल्या. मी पट्टी उचलून उजेडात धरली. मीच त्याला सांगितलेलं तो मला सांगू लागला, "भाऊ, हे पक्कं नसतंय. दवाखान्यात पुन्हा तपासावं लागतंय. उद्या मी येतो तुमच्यासंगं." दवाखान्यातही तेच निघालं. मी बाहेर येईस्तोवर तो बाकावर बसून होता. आता मी रोज गोळी घेतो आणि कामावर जातो. परवा त्याच्या लेकीचं बारसं झालं. मी मागं उभा होतो. "घ्या की, भाऊ," म्हणत त्यानं बाळ माझ्या हातात दिलं.