अक्कांच्या पेरूची साल

शाळेत मी दुसरीपर्यंत टिकलो, ते पण मास्तर दयाळू होते म्हणून. पुढं यशवंतपूरच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो. अक्षरं कन्नड असोत की इंग्रजी, मी बघून तशीच काढायचो. वाचायचं काम गिऱ्हाइकाचं.

घरी मात्र मी चित्रकार. फळीवर चिंचोक्याची खळ लावायची, तिच्यावर लाल माती, वाळकी पानं, काटक्या, एखादं पीस चिकटवायचं, आणि उरल्या जागेत रंग. बायको म्हणायची, "लोक केर बाहेर टाकतात, तुम्ही आणून भिंतीला लावता."

शेजारी अक्का राहायच्या, एकट्या, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांच्या अंगणात पेरूचं झाड होतं. पेरूच्या सालीचे पापुद्रे आपोआप गळतात, ते मी वेचायचो. अक्कांची हरकत नव्हती. "झाडाला नख तेवढं लावू नको," म्हणायच्या.

साठ सालच्या आसपास मला नदीचं चित्र करायची हुक्की आली. पापुद्रे जोडून केलेली नदी खरजेसारखी दिसायला लागली. मला सलग साल हवी होती. एका दुपारी अक्का देवळात गेल्या आणि मी चाकू घेऊन बुंध्याला पुरा फेरा मारला. वीतभर रुंद पट्टी, कुठं न तुटता निघाली. मी स्वतःवरच खूश. झाडाचं जेवण सालीतून जातं, अशी गोल साल काढली की झाड मरतं, हे शेळ्या राखणाराही सांगेल. पण मी पडलो दुसरी पास. उघडं लाकूड दिसू नये म्हणून वर काव फासली.

अक्का आल्या, बघून म्हणाल्या, "वाळवी लागू नये म्हणून केलंस होय? शहाणा आहेस." जन्मात पहिल्यांदा कुणी मला शहाणा म्हटलं, ते यासाठी.

नदी झकास झाली. काही महिन्यांनी पेरूची पानं पिवळी पडली, फळं सुपारीएवढी असतानाच गळायला लागली. अक्का झाडाजवळच्या दगडावर धुणं धुवायच्या. त्यांनी ठरवून टाकलं, "माझ्या साबणाच्या पाण्यानं झालं हे." गुडघे दुखत असताना त्या धुणं गल्लीच्या टोकाच्या नळावर न्यायला लागल्या. संध्याकाळी बुंध्याला हात लावून "चुकलं माझं" म्हणायच्या. मी पाण्याची कळशी घेऊन मागं उभा.

झाड पुरतं वाळलं तेव्हा मला राहवलं नाही.

"अक्का, झाड मी मारलं. साल काढली मी."

अक्का हसल्या. "मागं मांजरानं दूध सांडलं, तेव्हाही मीच प्यायलो म्हणालास."

"खरंच सांगतोय."

"तू खरंच म्हणालास की मला जास्त हसू येतं. म्हातारीला बरं वाटावं म्हणून बोलतोस, कळतं मला. बस, स्वल्प कॉफी घे."

झाड चार पावलांवर होतं. नखानं काव खरवडली असती तरी सगळं दिसलं असतं. मी कॉफीचा पेला उचलला. वर, सांगायला लाज वाटते, साखर कमी आहे म्हणालो.

अक्कांनी त्याच अंगणात दुसरं रोप लावलं आणि धुणं कायमचं नळावर नेलं. जमेल तेव्हा बादली मी उचलायचो. वाटेत भेटेल त्याला अक्का सांगायच्या, बघा, शेजारी असावा तर असा. मी मान खाली घालून चालायचो, आणि लोकांना वाटायचं, केवढा लाजतो.