सहीखालचा शिक्का

विमानात बसायला मी घाबरते, पण विमानं उडवणाऱ्यांची पुस्तकं मी वीस वर्षं जमवते आहे. तीही कशीही चालत नाहीत. पहिली आवृत्ती हवी आणि आत लेखकाची सही हवी. अशी तेवीस पुस्तकं दांडिया बाजारातल्या आमच्या घरात काचेच्या कपाटात आहेत. काही ऑनलाइन मिळाली, एक खंडेराव मार्केटजवळच्या पस्तीवाल्याकडे, रद्दीतल्या केमिस्ट्रीच्या गाइडांखाली. शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला एवढं वेड पुरे.

बाबा माझ्याकडेच राहतात. त्यांची सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. माझ्या संग्रहाकडे ते लांबूनच बघत. "सही केली की पुस्तक जास्त चांगलं होतं का गं?" एवढंच एकदा विचारलं होतं.

गेल्या वर्षी मी निजामपुऱ्यातल्या दातांच्या एका गुजराती डॉक्टरांशी अदलाबदल ठरवली. तेही याच रोगाचे रोगी. टपालाचं विमान चालवणाऱ्या एका वैमानिकाच्या आठवणींचं पुस्तक त्यांच्याकडे होतं आणि त्यावर माझा कधीचा डोळा होता. बदल्यात त्यांना माझ्याकडचं, ग्लायडर शिकवणाऱ्या एका बाईंचं पुस्तक हवं होतं. ठरल्याप्रमाणे ते रविवारी आले. मी कपाट उघडून पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सहीचं पान उघडलं, पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

"बेन, आ तो लायब्ररीनी चोपडी थई गई." हे तर लायब्ररीचं पुस्तक झालं म्हणे.

सहीच्या बरोबर खाली जांभळ्या शाईचा गोल शिक्का होता. त्यात माझं नाव आणि पत्ता. डॉक्टर सभ्य माणूस, चहा घेतला, पण पुस्तक न घेताच गेले.

मी उरलेली बावीस उघडून पाहिली. प्रत्येकात शिक्का. शिवाय सतराव्या पानावर आणखी एक. ग्रंथालयांत असं एक पान ठरलेलं असतं, चोराने पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळावं म्हणून.

"बराबर बसलाय ना?" बाबांनी कौतुकाने विचारलं. "तुझ्या नावाचा नवा करून घेतला. ही पुस्तकं कुणी ना कुणी कुणाला तरी प्रेमाने दिलेली. आत नावं आहेत त्यांची. त्यांच्याकडून हरवली म्हणून तर तुझ्याकडे आली. तुझी तरी हरवू नयेत."

माझं डोकं फिरलं होतं. मी म्हणाले, "तुम्हाला पुस्तकातलं काय कळतं?"

बाबा उठून आत गेले. जेवले, गोळ्या घेतल्या, पेपर वाचला. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तेव्हाही मला माझंच बरोबर वाटत होतं.

दुपारी परतले तर ते खिडकीशी टेबलावर वाकून बसलेले. पुढ्यात ग्लायडरवाल्या बाईंचं पुस्तक, बाजूला खोडरबर, हातात दाढीचं अर्धं ब्लेड. शिक्क्याची शाई ते कागदावरून कणाकणाने खरवडत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनासुद्धा झाला नव्हता, डोळे लाल झालेले. सहीला कुठे धक्का लागला नव्हता. माझ्या नावाच्या जागी मात्र कागद इतका झिजला होता की मागच्या बाजूची अक्षरं दिसत होती.

"सतरावं पान सकाळीच झालं," ते मान वर न करता म्हणाले. "हे पाच मिनिटांत होईल. मग डॉक्टरांना फोन कर. बाकीची सावकाश करतो. चूक माझीच, तुला आधी विचारायला हवं होतं."

मला स्वतःची लाज वाटली. माझ्या आडनावाची दोन अक्षरं अजून शिल्लक होती. मी त्यांच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं.

"राहू द्या, बाबा. हे पुस्तक कुणाला द्यायचं नाही."

त्यांनी पान उजेडाकडे धरलं, झिजलेल्या जागेवरून हलकेच बोट फिरवलं.

"मग तुझं नाव हवं यात. पण इथे आता शिक्का बसायचा नाही. पेननेही लिहू नकोस, शाई फुटेल. पेन्सिलीने लिही, हलक्या हाताने."

मी पेन्सिल आणायला उठले.