छातीवर छापलेली मदत

आमच्या ह्यांना मोकळी जागा बघवत नाही. धंदाच तसा. पुढच्या खोलीत लांबलचक टेबल, त्यावर छपाईच्या फ्रेमा, शाईचे डबे आणि खोलीभर दोऱ्यांवर वाळत घातलेले टी-शर्ट. कुणी खेळाच्या टीमचं नाव छापून घ्यायला आलं, की हे त्याखाली एखादा तारा तरी टाकणारच. कुणी दुकानाची पिशवी दिली, तर 'खाली मोकळं दिसतंय हो' म्हणून 'पुन्हा अवश्य या' आपल्या पदरचं. गिऱ्हाईक खूश, हे त्याहून खूश. गल्लीत ह्यांना छापेकाका म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा घरातल्या पडद्यांवरसुद्धा काहीबाही छापलेलं होतं. पडदे मी बदलले, माणूस बदलणं काही जमलं नाही.

ह्यांची मोठी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, मागच्याच रस्त्यावर इस्त्रीचं दुकान चालवायच्या. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं. स्वतः लग्न केलं नाही, कुणापुढे हात पसरला नाही. तोंड असं, की शर्ट आणि शर्टवाला दोघांनाही एकदमच सरळ करतील. किडन्या निकामी झाल्या तेव्हा डॉक्टरांना म्हणाल्या, "दुकान कधी उघडू तेवढं सांगा, बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

एका संस्थेचं डायलिसिस सेंटर आहे. देणग्यांवर चालतं, म्हणून आपल्यासारख्यांना परवडतं. वन्संनी तिथे भांडून संध्याकाळची शिफ्ट मिळवली. दिवसा इस्त्री, संध्याकाळी मशीन. ती शिफ्ट होती म्हणून दुकान चालत होतं, आणि दुकान होतं म्हणून वन्सं ताठ मानेने जगत होत्या. मी कितीदा म्हटलं, आमच्याकडे येऊन राहा. तर म्हणायच्या, "तुझ्या हातचं खाऊन किडनीपाठोपाठ जीभही घालवू का?"

अशात एक दिवस बाजारातला कपडेवाला ऑर्डर घेऊन आला. चांगल्या कामाचं काही छापलेलं असलं की माल हातोहात खपतो म्हणे. त्याने चित्र आणलं होतं. हसऱ्या चेहऱ्याच्या दोन किडन्या, वर मोठ्या अक्षरात 'किडनी जपा'. हे चित्राकडे बघत राहिले, मान तिरकी. मी दारात चहा घेऊन उभी होते, मला कळलंच आता काय येणार ते.

"खाली मोकळं दिसतंय हो," हे म्हणाले. "'तुमच्या खरेदीतून रुग्णांना मदत' असं टाकूया का? चित्राला वजन येईल."

"टाका की," कपडेवाला म्हणाला. "तुम्हाला त्यातलं जास्त कळतं."

झालं. एवढंच बोलणं. कुणी, किती पैसे, कुणाला द्यायचे, त्यावर एक अक्षरही नाही. ह्यांनी वाक्य चित्राच्या बरोब्बर मध्यभागी बसवलं, अक्षरं दोनदा लहानमोठी करून बघितली, आणि त्या वाक्यावर स्वतःच विश्वास ठेवून मोकळे झाले. मला म्हणाले, "माणूस दिलदार आहे हो. लगेच हो म्हणाला." आणि पुण्याचं काम म्हणून स्वतःची मजुरी निम्मी केली! मीसुद्धा तोंड उघडलं नाही. उलट मला ह्यांचा अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगू.

शर्ट असे खपले की विचारू नका. दूधवाला घालून फिरतोय, समोरची शिवणवाली घालून फिरतेय, तिचा नवरा तर झोपतानाही घालतो म्हणे. हे नुसते हवेत. रस्त्याने जाताना मला कोपराने ढोसायचे, "तो बघ, आपला." कुणी भेटलं की, "घेतलात ना? घ्या, चांगल्या कामाला जातात पैसे." गल्लीत एक घर सोडलं नाही त्यांनी.

वन्संना सेंटरवर नेणं-आणणं ह्यांचंच काम. खालीच सोडायचे आणि कामाला पळायचे, वर बाहेरच्या बाकावर मी बसायची. त्या दिवशी मात्र म्हणाले, "नवीन मशीन आलं का बघून येतो." तोच शर्ट घालून जिना चढले. वन्संना आत झोपवून सिस्टर बाहेर आली आणि ह्यांच्या छातीकडे बघून हसली. ते हसणं काही चांगलं नव्हतं.

"तुम्हीपण घेतलात का?" ती म्हणाली. "बरं झालं भेटलात. पुढच्या महिन्यापासून संध्याकाळची शिफ्ट बंद होतेय. ताईंना दिवसा आणावं लागेल."

"बंद? का?" हे म्हणाले.

"पैसे कुठायत? ओढाताण आधीपासून होतीच. पण निदान दर महिन्याला देणारे होते, येता-जाता दारातल्या पेटीत टाकणारे होते. आता ज्याला विचारावं तो म्हणतो, आम्ही शर्ट घेतला ना! आम्ही केली मदत! अहो, त्या शर्टांचा छदामही इथे आलेला नाही. कोण छापतं कोण जाणे, एकदा समोर यावा नुसता."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता बोलतील, मग बोलतील. हे जमिनीकडे बघत होते. हातातली पिशवी हळूच छातीशी धरली, अक्षरं झाकायला. धरणीने पोटात घ्यावं असं वाटतं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं.

तिथून तडक कपडेवाल्याकडे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मदत? छापेकाका, वाक्य तुमचं. मला वाटलं, तुमची बहीण तिथे जाते, तुमचं काहीतरी ठरलं असेल. मी आपला कपडे विकणारा माणूस." त्याला तरी काय बोलायचं? लबाड होताच मेला, पण शब्द तर आमच्याच घरातून गेले होते.

घरात होतं-नव्हतं ते सगळं ह्यांनी सेंटरच्या पेटीत टाकलं. त्यावर काही शिफ्ट चालत नाही. मग म्हणाले, "मी तिथे जाऊन सगळ्यांसमोर सांगतो. चूक माझी आहे." मला बरं वाटलं. म्हटलं, आधी वन्संना सांगा, मीही येते.

वन्सं इस्त्री करत होत्या. ह्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. वाक्य कसं सुचलं तेही. मला वाटलं, आता भावाचा उद्धार होणार. पण त्यांनी इस्त्री नुसती उभी करून ठेवली.

"तू देत नव्हतास?" त्या म्हणाल्या.

"नाही ताई."

"मला वाटलं, तू गुपचूप देतोस. वाक्य तुझंच आहे ते मी बघताक्षणी ओळखलं होतं." त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसल्या. "सिस्टरची पाठ वळली की मशीनवरच्या सगळ्यांना सांगितलंय रे मी. शर्टांचे पैसे माझा भाऊ इथे देतो म्हणून. छाती फुगवून सांगितलंय."

"मी सांगतो ना त्यांना खरं काय ते."

"नको." वन्संचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "तुझ्या पाया पडते. सांगून तू मोकळा होशील. मला त्यांच्यातच जाऊन पडायचंय, जन्मभर. दुकान जातंय तर जाऊ दे. तेवढं तोंड राहू दे माझं."

ह्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, आणि काय मागितलं!

संध्याकाळच्या शिफ्टचा शेवटचा दिवस आला. आम्ही दोघं वर गेलो. वन्संच्या शेजारच्या पलंगावर एक म्हातारे घड्याळजी असतात. त्यांना दिवसा आणणारं घरात कुणी नाही, म्हणून ते आता संध्याकाळीही मशीन चालणाऱ्या गावाबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात जाणार होते. तिथला खर्च ऐकूनच माणूस बसतो. ह्यांना बघून त्यांनी सुई नसलेला हात पुढे केला.

"तुम्हीच ना ताईंचे भाऊ? देवमाणूस आहात. शिफ्ट गेली त्याला तुम्ही काय करणार? तुम्ही तुमच्या परीने केलंत." त्यांनी ह्यांचा हात सोडलाच नाही. "औषधाला बाजूला काढून ठेवलं होतं, त्यातून मी घरातल्या सगळ्यांना शर्ट घेतले. म्हटलं, आपल्याच मशीनला जाताहेत."

वन्संनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आमचे हे तो हात तसाच धरून उभे राहिले, आणि म्हणाले, "बरं केलंत."