डॉक्टरांचा डावा हात

काकूंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला यंत्र, हातात वायरी आणि समोर भोकाभोकांचा फळा. पलीकडून नुसता श्वास आला, तरी माणूस आहे की लाइन मेली आहे हे त्यांना कळायचं. अशा बाईला नवरा मात्र असा मिळाला की लाइन चालू, घंटी वाजतेय, आणि पलीकडून उचलायचं कोणी नाव घेत नाही.

"अहो, मी भिंतीशी बोलतेय का?" हा प्रश्न त्या घरात रोज विचारला जायचा. त्यावर काका "हं" म्हणायचे. काकूंच्या मते भिंत परवडली, ती निदान हं तरी म्हणत नाही.

तसा माणूस लाखात एक. व्यसन नाही, आदळआपट नाही, ताटात पडेल ते निमूट खाणार. पण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघेल तर शपथ! काकू बोलायला लागल्या की त्यांची नजर काकूंच्या डाव्या खांद्याकडे, म्हणजे त्याच्याही मागे कुठेतरी. मागे कॅलेंडर होतं. एकदा काकूंनी चिडून ते उचलून स्वयंपाकघरात नेऊन टांगलं. नजर होती तिथंच राहिली.

बाकी संसारात नाव ठेवायला जागा नव्हती. चष्मा हवासा वाटला की तो टेबलावर हाताशी असायचा. गार वाटू लागेपर्यंत खिडकी लागलेली असायची. शिवायला बसलं की कात्री शेजारी हजर. ही सगळी आपल्या टापटिपीची करामत, असं काकू माहेरी गेल्या की मान ताठ करून सांगायच्या.

लग्नाच्या आधी काका एका बाहुल्यांच्या नाटक मंडळीत होते. बाहुले चांगले लहान मुलाएवढे, आणि एकेका बाहुल्यामागे काळे कपडे घातलेली तीन माणसं. डोकेवाल्याकडे बाहुल्याचं डोकं आणि उजवा हात, पायवाल्याकडे पाय, आणि डाव्याकडे नुसता डावा हात. मंडळीत डॉक्टर नावाचा एक ढेरपोट्या बाहुला होता, त्याचा डावा हात म्हणजे काका. पुढे मंडळी बुडाली, काका खुर्च्यांना गाद्या बसवायच्या कारखान्यात लागले, तरी नाव सुटलं नाही. जेवणार उजव्यानं, लिहिणार उजव्यानं, पण गल्लीभर डावेकाका! लग्न ठरताना काकूंच्या थोरल्या भावानं "आतापर्यंत काय केलंत?" असं विचारलं, तर "डॉक्टरांचा डावा हात हलवायचो" असं उत्तर आलं. भावाला तेव्हा घशात अडकलेला चहा अजून आठवतो. काकूंनी मात्र ते नाटक कधी पाहिलंच नव्हतं. एक लाकडी हात हलवायला अख्खा माणूस कशाला लागतो, हेच त्यांना कळायचं नाही.

दोघं नोकरीतून मोकळे झाले आणि दिवसभर घरात समोरासमोर आले, तेव्हा मात्र डोक्यावरून पाणी गेलं. एका सकाळी काकूंनी बॅग काढली. "मी लेकीकडे चाललेय राहायला. परत कधी ते विचारू नका."

काकांनी विचारलं नाही. हेच तर दुखणं होतं. "नको जाऊस" एवढे दोन शब्द आले असते, तर बॅग आल्या पावली माळ्यावर गेली असती. त्याऐवजी काका "हं" म्हणाले, आणि बॅगेची चेन अडकत होती तिला मेण लावून दिलं. काकूंना रडावं की ती बॅग त्यांच्या डोक्यात घालावी ते कळेना.

गाडी संध्याकाळची होती, काका पोचवायला निघाले. बसस्टँडच्या वाटेवर जुन्या छापखान्याच्या इमारतीत बाहुल्यांचं संग्रहालय नव्यानं उघडलं होतं. काका तिथं थांबले. "जाता जाता बघायचं का? आपला डॉक्टर आहे आत."

काका आपणहून काही बोलले म्हणून काकू चकित झाल्या आणि त्या भरात हो म्हणून बसल्या. दारावरच्या पहारेकऱ्यानं बॅग अडवली. "ताई, पर्स चालेल. हे बिऱ्हाड इथं ठेवा." त्यानं ती आपल्या खिडकीतल्या फळीवर चढवली.

आत राजे होते, चोर होते, नवऱ्या होत्या, जबडा हलवणारं एक गाढव होतं. काकूंना ते गाढव फार आवडलं. काका कुठेच थांबले नाहीत. तडक शेवटच्या काचेपाशी गेले. तिथं डॉक्टर उभा होता. नाकाचा रंग उडालेला, कोटाची बटणं ढेरीवर ताणलेली, आणि डावा हात कोटाच्या खिशात.

"खिशात घातलाय," काका म्हणाले.

"असू दे की. रुबाबदार दिसतोय."

"त्याचा हात कधी खिशात नसायचा गं. उजव्यानं नाडी बघायचा आणि डाव्यानं रोग्याच्या टोपलीतलं सफरचंद लांबवायचा. लोक पोट धरून हसायचे."

काकांचा चेहरा इतका उतरला होता की काकूंना एकदम वाईट वाटलं. रागावलेल्या माणसाला असं वाईट वाटलं की फार गैरसोय होते. त्या त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

पलीकडच्या दालनात हशा पिकला होता. तिथं हुबेहूब डॉक्टरसारखाच एक नवा बाहुला करून ठेवला होता, पाहुण्यांनी हलवून बघायला. संग्रहालयातली एक हसरी बाई हाका मारत होती. "मी पाय सांभाळते. डोकं आणि डावा हात कोण घेतंय?"

लोक एकमेकांना पुढे ढकलत होते. काका कोणी न ढकलताच गेले आणि डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, उभे राहिले.

"आणि डोकं?"

"आणा इकडे," काकू म्हणाल्या. "घरी तरी दुसरं कोण घेतं?"

त्यांनी डाव्या हातानं मानेखालचा दांडा धरला, उजव्यानं उजवा हात. डोकं चांगलंच जड होतं. आता फजिती होणार, असं वाटून त्यांनी गाडीची वेळ झाली का ते बघायला भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्याबरोबर डॉक्टरनंही मान वळवली, आणि त्याचा डावा हात कपाळावर आडवा धरला गेला. लांबचं घड्याळ बघताना म्हातारी माणसं धरतात तसा. लोक हसले. काकू चमकल्या. त्यांनी तर काहीच सांगितलं नव्हतं.

त्यांना खोकल्याची उबळ आली, मान हलली, तर डॉक्टरचा हात तोंडाशी आला. त्या लाजल्या, तर हात कोट सारखा करू लागला. पुढच्या माणसाच्या हातात पुडी होती. काकू त्याची नाडी बघायला वाकल्या, आणि डाव्या हातानं पुडी केव्हाच लांबवली होती. दालन डोक्यावर घेतलं लोकांनी! काकूंना इतकं हसू फुटलं की दांडा निसटायचा बाकी राहिला.

मग त्यांना सगळं आठवलं. बॅग, मेण, ते "हं". त्यांची मान ताठ झाली, म्हणून डॉक्टरचीही झाली. लाकडी डावा हात हळूच पुढे आला आणि डॉक्टरच्याच उजव्या हातावर, म्हणजे काकूंनी धरलेल्या हातावर, दोनदा थोपटून थांबला.

काकूंनी वळून पाहिलं. काका त्यांच्या डाव्या खांद्याकडे टक लावून बघत होते. घरी बघायचे त्याच जागी.

बाहुला जागेवर ठेवल्यावर काकूंनी त्यांना कोपऱ्यात गाठलं. "कुठे बघत होतात?"

"खांद्याकडे. डोकेवाल्याचा खांदा आधी हलतो. लाकडी हाताकडे बघत बसलं की हात मागे पडतो."

"आणि घरी?"

"घरी आणखी कुठे बघू? तोंडाकडे बघून तू काय बोलतेस ते कळतं. काय हवंय ते खांद्यावरून कळतं."

काकूंना चष्मा आठवला, खिडकी आठवली, कात्री आठवली. आपली टापटीप! पण तशातही त्या काकूच. "मग मला लेकीकडे जायचं नव्हतं, ते नाही कळलं खांद्यावरून?"

"कळलं होतं."

"मग 'नको जाऊस' म्हणायला काय धाड भरली होती?"

काका ओशाळले. "डाव्यानं आधी हलायचं नसतं. शिकवलंच होतं तसं. डोकं वळल्याशिवाय हात हलला की बाहुला वेडा दिसतो."

"दिसला तर दिसू दे! मी काय लाकडाची आहे?" काकू म्हणाल्या. डोळे पुसायला रुमाल शोधावा म्हटलं, तर तो समोर आलेला होताच.

दोघं दाराशी आले. पहारेकऱ्यानं फळीवरून बॅग काढली. "ताई, स्टँडला जायचं ना? समोरून रिक्षा मिळेल."

काकू काहीच बोलल्या नाहीत, मान वळवली नाही, श्वाससुद्धा धरून ठेवला. खांदा तर मुळीच हलू दिला नाही.

काका जरा वेळ त्या खांद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला, बॅग घेतली आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "नाही. आम्ही घरी चाललोय."