देठ मातीत राहिले

शिलाईकाकू नवऱ्यावर विषप्रयोग करणार आहेत, ही बातमी तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर पोहोचायला अख्खी दुपार लागली. लिफ्ट बंद होती म्हणून, नाहीतर आमचा जिना इतका आळशी नाही.

झालं असं, की पँटची उंची कमी करून घ्यायला गेलेल्या एका बाईंना शिलाई मशिनशेजारी एक उघडं पुस्तक दिसलं. पानावर कवटी, कवटीखाली पांढरी छत्री आणि तिच्या बाजूला काकूंनी स्वतःच्या हाताने पेन्सिलीने केलेली ठळक खूण. बाईंनी पाहिलं तेवढंच सांगितलं, हे कबूल करायला हवं. पुढे प्रत्येक मजल्याने आपापली भर घातली. चौथ्या मजल्यावर नवऱ्याला उलट्याही सुरू झाल्या होत्या. प्रत्यक्षात तो नवरा, म्हणजे आपले निवृत्त बस ड्रायव्हर, त्या वेळी खाली स्कूटर पुसत शीळ घालत उभा होता.

खरं एवढंच, की काकू अळंबी ओळखायला शिकत होत्या. रानात झाडांखाली उगवते आणि आपण जिला सरसकट कुत्र्याची छत्री म्हणून मोकळे होतो, ती.

बत्तीस वर्षं मशिनवर वाकून काकूंची पाठ धनुष्यासारखी झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, "रोज तासभर चाला आणि लांब बघा." चालायचं जमलं. शेवटच्या बसथांब्यामागे झाडी आहे, तिथे त्या जाऊ लागल्या. लांब बघायचं मात्र काही जमेना. जन्मभर टाक्यांकडे बघितलेली नजर, ती आभाळाकडे वळणार थोडीच! चौथ्याच दिवशी एका पडक्या ओंडक्यावर त्यांना अळंबी दिसली. कापड घेताना आधी उलटी बाजू बघायची, ही त्यांची सवय. म्हणून त्यांनी खाली बसून तिची टोपी उलटी केली.

आत चुण्या होत्या. केसाएवढ्या बारीक, एकसारख्या, मधल्या देठापासून काठापर्यंत सरळ गेलेल्या. एकही वाकडी नाही, एकही जाड नाही.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, मी इतकी वर्षं स्कर्टला चुण्या घालतेय. आज कळलं, मला येत नाहीत."

"मग आता काय, त्या छत्रीकडे शिकवणी लावणार?" ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं.

शिकवणी लागली, पण केमिस्टबाईंकडे. या बाईंनी चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं आणि निवृत्त झाल्यावर दर रविवारी झाडीच्या तोंडाशी असलेल्या बाकावर बसायला सुरुवात केली. अळंबी वेचून येणारे आपली टोपली त्यांच्यापुढे ठेवत. बाई चष्मा कपाळावर चढवत, एकेक अळंबी उचलत आणि एकच शब्द विचारत, "नाव?"

काकूंनी पहिल्या रविवारी छातीठोकपणे पाच नावं सांगितली. पाचही चुकली. बाईंनी टोपली शांतपणे झुडपात रिकामी केली. दुसऱ्या रविवारी तीन चुकली. असं करत करत एका रविवारी काकू कंटाळून म्हणाल्या, "नाही हो, मला माहीत नाही."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. सगळ्या मोसमात मिळालेली ही पहिली शाबासकी.

बाईंचे नियम दोनच. खायची असेल ती अळंबी कधी कापायची नाही, बोटांनी माती उकरून देठासकट, मुळाशी जे असेल त्यासकट काढायची. आणि पातेल्यात टाकण्याआधी बाकावर दाखवायची. पहिला नियम काकूंना फार जड गेला. गळ्यात कात्री, आणि लोंबता दोरा दिसला की तो कापल्याशिवाय चैन नाही, अशा बाईला मातीने बरबटलेला देठ टोपलीत टाकायचा म्हणजे शिक्षाच. पण पाळला त्यांनी. घरी त्या टोप्या कागदावर उपड्या ठेवत, वर वाटी झाकत, आणि सकाळी चुण्यांतून भुकटी पडलेला तो कागद वहीत टाचणीने टाचून ठेवत, भुकटीच्या रंगावरून जात ओळखता येते म्हणून. गिऱ्हाइकांना दाखवायची कापडाच्या नमुन्यांची वही होती ना, तिच्यासारखीच ही वही दिसे. गुलाबी, तपकिरी, गंजासारखी, काळी. पांढऱ्या भुकटीसाठी काळा कागद. ड्रायव्हरसाहेब चहाचा कप ठेवण्याआधी विचारत, "इथे कुणी निजलेलं नाही ना?"

दुसऱ्या मोसमात बाईंनी एका जातीला परवानगी दिली. झाडीच्या कडेच्या कुरणात उगवणारी, पांढऱ्या टोपीची, खाली आधी गुलाबी आणि मग चॉकलेटी होणाऱ्या चुण्यांची. काकूंनी ती घरी शिजवली, दोघांनी खाल्ली, आणि दोघंही दुसऱ्या दिवशी जिन्यात ठणठणीत दिसले. जिन्याची थोडी निराशा झाली, ते सोडा.

मग काकूंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, दोन वर्षं नुसतं ऐकतेय. रविवारी आम्ही दोघं जेवायला येतोय. तुझी छत्री खायला घाल, नाहीतर कबूल कर की तू पार्कात फिरायला जातेस."

धाकटीचं बोलणं काकूंना लहानपणापासून टोचतं. शिवाय धाकटीचं घर टापटीप, तिची भांडी एकमेकांना शोभणारी. त्या रविवारी सकाळी काकू एकट्याच गेल्या. केमिस्टबाई लेकाकडे गेलेल्या, बाक रिकामा. कुरणात मात्र पांढऱ्या टोप्यांचा सडा. आज पाहुणे येणार, टोपली कशी दुकानातल्यासारखी दिसायला हवी, असं मनात आलं आणि हात आपसूक गळ्यातल्या कात्रीकडे गेला. कच, कच, कच. एकही कण माती नाही. काकूंनी टोपलीकडे पाहिलं आणि स्वतःवर खूश झाल्या.

दुपारी साडेबाराला पातेल्यात तेल तापलं होतं. धाकटी ओट्याला टेकून गप्पा मारत होती, तिचा नवरा दारात उभा राहून वास घेत होता. काकू चिरण्याआधी एकेक टोपी उलटी करून बघत होत्या. गुलाबी. गुलाबी. चॉकलेटी. गुलाबी. पांढरी.

काकू थांबल्या. पुढची गुलाबी. त्याच्या पुढची पांढरी.

दोन टोप्यांच्या चुण्या नव्या पलंगपोसासारख्या शुभ्र होत्या. कोवळी असली तर चुणी फिकट असू शकते, हे त्यांना ठाऊक होतं. कवटीच्या पानावरची छत्री आतून शुभ्र असते, हेही ठाऊक होतं. तिच्या देठाच्या मुळाशी एक पिशवी असते, मोज्यासारखी, ती दिसली की संशय फिटतो. पण देठाचं मूळ होतं कुठे? काकूंनी नीटनेटकं कापून मातीत ठेवलं होतं.

"काय झालं गं ताई?"

"मला..." बहिणीसमोर, मेव्हण्यांसमोर हे बोलायचं म्हणजे जीभ रेटावी लागली. "मला माहीत नाही ही कोणती आहे."

"दोनच तर आहेत," मेव्हणे म्हणाले. "बाजूला काढा आणि बाकीच्या टाका. भूक लागलीय हो."

ड्रायव्हरसाहेब आतल्या खोलीत पेपर वाचत होते. ते उठले, स्वयंपाकघरात आले, काही न विचारता गॅस बंद केला आणि खुंटीवरची किल्ली घेतली. "चल."

"कुठे?"

"जिथे कापलीस तिथे."

त्या दोन टोप्या रुमालात घेऊन काकू मागे बसल्या. ड्रायव्हरसाहेब स्कूटरही बससारखी चालवतात, वळणावर दहा हात जागा सोडून. पण त्या दिवशी त्यांनी एकाही थांब्याजवळ वेग कमी केला नाही. काकूंना आठवलं, त्या दोन टोप्या भर कुरणात नव्हत्या, झाडांच्या सावलीला, गवत विरळ होतं तिथे होत्या. त्या गुडघ्यांवर बसल्या. गवतात कापलेले खुंट दिसले. चौकटीचं कापड जोडताना रेघेला रेघ जुळवतात, तशी त्यांनी टोपीखालची कापलेली बाजू एकेका खुंटावर धरून पाहिली. त्यांची कात्री नेहमी डावीकडे जराशी तिरकी जाते. तिसऱ्या खुंटावर तिरक्याला तिरकं बसलं.

मग त्यांनी बोटांनी माती उकरली. हळूहळू, टाका उसवावा तशी.

खाली पांढरी पिशवी होती. दुसऱ्या टोपीच्या खुंटाखालीही.

काकू तिथेच मागे बसल्या. पातेलं, ओट्याला टेकलेली धाकटी, भुकेले मेव्हणे, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ही जात पोटात गेली तर पहिले काही तास माणसाला कळतही नाही, हे त्यांना बाईंनी सांगितलं होतं. ड्रायव्हरसाहेब त्यांच्या शेजारी गवतात बसले. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, काकूंच्या मातीने भरलेल्या नखांकडे पाहिलं आणि खिशातला स्वतःचा रुमाल पुढे केला. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी टोमणा मारायची आलेली संधी सोडली, असं हे एकच उदाहरण आहे.

घरी आल्यावर टोपली सगळीच्या सगळी पिशवीत बांधून कचऱ्यात गेली, पातेलं दोनदा घासलं गेलं. चौघांनी अंडी आणि पाव खाल्ला. निघताना धाकटीने ताईला दारात घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. टापटीप साडीला काकूंच्या कपड्यांवरची माती लागली, तीही तिने झटकली नाही.

पुढच्या रविवारी काकूंनी बाकापुढे सगळं सांगून टाकलं, कात्रीसकट. ओरडा खायची तयारी होती. केमिस्टबाईंनी नुसता हात पुढे केला. "कात्री." काकूंनी गळ्यातली काढून दिली. तेव्हापासून दर रविवारी झाडीत शिरताना कात्री बाईंच्या पर्समध्ये जमा होते आणि जाताना परत मिळते. काकू ती देताना दरवेळी "आभारी आहे" म्हणतात, घेताना नाही. वहीत त्या दोन शुभ्र टोप्यांच्या भुकटीचा काळा कागदही टाचलेला आहे, पहिल्या पानावर.

आता एवढं घडल्यावर जिना गप्प बसेल का? पाण्याच्या टाकीपाशी कुणीतरी (कोण ते विचारू नका) काकूंना गाठलंच. "काय हो काकू, नवऱ्यावरचा प्रयोग या खेपेला पाहुण्यांसकट होता म्हणे?"

काकूंनी बादली खाली ठेवली, पाठ सरळ केली आणि म्हणाल्या, "होणारच होता. पण मी 'माहीत नाही' म्हटलं आणि ह्यांनी गॅस बंद केला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दोनच तर आहेत. म्हणून ठेवलाय मी हा नवरा. तुम्ही तुमच्या घरी एकदा 'माहीत नाही' म्हणून बघा, कोण उठतंय ते."