पितृपक्षासाठी थांबवलेले औषध

भगवान धन्वंतरीच्या चरणी मस्तक ठेवून हे लिहावयास बसलो आहे. धाकट्या भावाचे वर्षश्राद्ध आज देवपूरच्या घरी यथाविधी पार पडले. मन मात्र निवले नाही. क्रोध आवरावा, असे मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकवले. हा क्रोध मला आवरत नाही.

भाऊ यावलजवळ केळीची बाग करी. त्याच्या स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला होता. पित्ताची वाट दाबली जाऊन कावीळ झाली, म्हणून मुंबईस नेऊन दुर्बिणीतून पित्तनलिकेत बारीक नळी बसवली. जळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, "कावीळ असताना केमोथेरपी झेपत नाही. ती उतरली की मात्र एक दिवस दवडू नका. नळी पुन्हा बुजू शकते. रोग बरा होणार नाही. पण काही महिने बरे जातील."

भाऊ म्हणाला, "दादा, नव्या बागेची निसवण, केळीचे घड बाहेर पडलेले पाहीन, एवढं झालं तरी पुष्कळ."

नळीने काम केले. डोळे निवळले, जेवण जाऊ लागले. रक्त तपासून डॉक्टरांनी लगेच बोलावले. जीप दारात उभी राहिली, आणि आमचे थोरले चुलते, ज्यांना सारे गाव आबा म्हणे, ओट्यावरून उठले.

"पितरं लागले ना भो! नवं औषध आता काय्ले? डोये तर पांढरे झाले त्याचे. घट बसू दे, मंग न्या."

"आबा, आजाऱ्याच्या औषधाला शास्त्रात कुठेही मनाई नाही."

"तू संस्कृत शिकला, अन् घरची रीत इसरला!" आबा हसले. ओट्यावरचे सगळे हसले.

मी यावलच्या एसटीडी बूथवरून डॉक्टरांना फोन लावला. "आजच आणा," एवढेच ते म्हणाले. परतलो तो जीप आबांनी माघारी धाडलेली. भावाने मान खाली घातली होती. घरात आबांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

घट बसण्यापूर्वीच त्याला हुडहुडी भरून ताप आला. डोळे पुन्हा पिवळे झाले. नळी बुजली होती, पित्तात जंतू झाले होते. जळगावला डॉक्टर म्हणाले, "आता केमो देता येणार नाही. त्या दिवशी देता आली असती." नळी बदलली, अंगातली शक्ती परतली नाही. दिवाळीआधी तो गेला.

आबा म्हणाले, "नशीब त्याचं."

नशीब! ज्या पितरांच्या नावाने औषध अडवले, ते आपल्याच लेकराचे महिने मागतील काय? मी जन्मभर ज्या शास्त्रापुढे हात जोडले, त्याच्या आडून हा अन्याय झाला. त्याला मी क्षमा करीत नाही.

वाचकहो, तुमच्या घरी आरोग्य नांदो. आजार आलाच, तर वैद्याने बोलावलेल्या घडीला दारातली गाडी माघारी न धाडणारे वडीलधारे श्रीहरी तुम्हांस देवो. तुमच्या लेकराबाळांचे कल्याण असो.